ओलावा धरून

मामीने भाजीची वाटी पुढ्यात ठेवली आणि मी पर्समधून वजनकाटा काढला. तळहातावर मावेल एवढा, पांढरा, दोन चपट्या सेलवर चालणारा. आठ महिन्यांपासून तो चष्म्यासारखा माझ्यासोबत होता. आधी रिकामी वाटी ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग तिच्यात भाजी ओतायची, मग आलेला आकडा मोबाईलमध्ये टाकायचा. हे सगळं मी आता अंधारातही करू शकते. चूल पेटलेली होती, कापसाच्या वाळल्या पराट्यांचा धूर डोळ्यांत जात होता, वांग्याच्या भाजीवर लाल तेलाचा तवंग हलत होता. १८६ ग्रॅम. त्यात तेल किती असेल याचा अंदाज बांधत मी स्क्रीनवर बोट फिरवत होते, तेव्हा लक्षात आलं की भाकर थापायचा आवाज थांबलाय.

"काय करून रायली वं?" मामीने विचारलं.

"मोजून रायली, मामी."

"कायले?"

मी उत्तर जुळवत होते. तेवढ्यात तिने वाटीकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं आणि पिठाने माखलेले हात तसेच परातीवर धरून म्हणाली, "कमी वाढलं का म्या? तुले काटा मारून रायली का वं मी?"

रागाने म्हणाली असती तर मी तिची समजूत घातली असती. पण ती खरोखरच विचारत होती. मी घाईघाईने साखरेचं, डॉक्टरांचं, वजनाचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि तव्याकडे वळली. भाकर टम्म फुगली, तिने फडक्याने कडा दाबल्या, निखाऱ्यावर उभी करून शेकली आणि माझ्या ताटात घातली. मी ती काट्यावर ठेवली नाही. पण ठेवायची इच्छा झाली होती, हे मला ठाऊक आहे आणि बहुतेक तिलाही कळलं असावं. एकच भाकर खाऊन मी हात धुतले. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत या घरात असं कधी झालं नव्हतं, ते त्या रात्री झालं.

मामीने मला "अजून घे" म्हटलं नाही.

दर्यापूरच्या पुढे, पूर्णेच्या बाजूला आमच्या मामांचं गाव. खारपाणपट्टा. आई सांगायची, तिच्या लहानपणी विहिरीच्या खाऱ्या पाण्यात मळलेल्या भाकरीला वेगळं मीठ लागायचं नाही आणि त्या पाण्यात तुरीची डाळ काही केल्या शिजायची नाही, म्हणून वरणापुरतं गोडं पाणी लांबून आणायचं. आता नळ आहे. पण मामीची भाकर मला अजूनही किंचित खारट लागते. अमरावतीला घरी केलेल्या भाकरीला ती चव येत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही आठ-दहा पोरं इथे असायचो तेव्हा मामी सगळ्यांत शेवटी जेवायची, आणि जेवताना आमच्यातलं कोणी घुटमळत आलं की आपल्या ताटातला घास त्याच्या तोंडात घालायची. किती खाल्लं हे तिला कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. तिने मात्र आम्हाला रोज विचारलं.

मोजणं मी चुकून सुरू केलं नव्हतं, हेही सांगायला हवं. मार्चमध्ये माझं वजन ८२ किलो होतं आणि तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. माझे वडील तो उंबरठा ओलांडून गेले आणि पुढे त्यांच्या पायाचं काय झालं ते मी पाहिलंय. म्हणून मी कॅलरी मोजायचं ॲप घेतलं, काटा घेतला आणि पहिल्याच आठवड्यात माझे डोळे उघडले. शाळेत आणि घरी मिळून मी सहा कप चहा पीत होते. कपाला दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला बारा चमचे, सुमारे साठ ग्रॅम, म्हणजे २४० कॅलरी, आणि त्यातल्या एकाही चमच्याची मला आठवण नसायची. फोडणीची पळी भरून तेल पडतं ते पंधरा ग्रॅमच्या खाली नसतं. एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी, एका ग्रॅम साखरेत किंवा पिठातल्या पिष्टात साधारण चार. ॲटवॉटर नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे हिशेब बसवले, आणि आजही प्रत्येक पुड्यामागे छापलेला आकडा त्याच सरासरीवर उभा असतो. चहा दोन कपांवर आला, पळीच्या जागी चमचा आला, संध्याकाळचा आलूबोंडा आठवड्यातून एकदाच राहिला. वजन उतरायला लागलं. मला कोणी फसवत नव्हतं, मीच बघत नव्हते, हे कळल्याचा आनंद मोठा होता. तो मी आजही नाकारणार नाही.

ॲपमध्ये परदेशी फळं होती, पण आंबाडीची भाजी नव्हती. रोडगा नव्हता, जवसाची चटणी नव्हती, कढी होती ती कुठल्यातरी दुसऱ्याच मुलखाची. मग मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते शोधले. २०१७ साली त्यांनी भारतातल्या ५२८ खाद्यपदार्थांचं विश्लेषण करून छापलं आहे. ज्वारी, शंभर ग्रॅमला ३३४ कॅलरी. रात्री जेवणं आटोपल्यावर मी एकेक पदार्थ हाताने भरत बसायचे. त्या कामात मला शाळेतल्या वहीला खाकी कव्हर घालण्याचा आनंद मिळायचा.

त्या ॲपने मला दिवसाचे १२०० दिले होते. वय, उंची, वजन घातलं, "लवकर" या शब्दावर बोट ठेवलं आणि १२०० आले. कोणी तपासलं नाही, मीही विचारलं नाही. हळूहळू ११८० वर थांबले तर छान वाटू लागलं. ११०० वर तर दिवस जिंकल्यासारखा. १२३० झाले की वर्तुळ लाल व्हायचं आणि ते लाल वर्तुळ मला झोपेतही दिसायचं. केस हातात यायला लागले, भर मे महिन्यात बोटं गार पडायला लागली. रात्री अकरा वाजता बडीशेप चघळत मी मोबाईलवर दुसऱ्यांचा स्वयंपाक पाहत बसायचे. पुरणपोळ्या, सावजी रस्सा, तुपात तळलेले अनारसे, तासन्तास. मी यातलं काही करणार नव्हते, खाणार तर नव्हतेच.

अशाच एका रात्री मी मिनेसोटातल्या प्रयोगाबद्दल वाचलं. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं, उपाशी युरोपला पुन्हा कसं उभं करायचं हे शोधायचं होतं. १९४४ च्या नोव्हेंबरात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण घेतले, ते आपणहून आलेले होते. आधी तीन महिने पोटभर जेवण, मग २४ आठवडे अर्धपोटी. ती माणसं चिडचिडी झाली, गारठली, आणि रात्रंदिवस अन्नाचा विचार करू लागली. ताटं चाटू लागली. काहींनी पाककृतींची पुस्तकं जमवली, ज्यांनी त्याआधी आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नसेल अशांनी. त्या अर्धपोटी महिन्यांत त्यांना दिवसाला सरासरी सुमारे १५७० कॅलरी मिळत होत्या. मी तो आकडा दोनदा वाचला. ते पुरुष होते, तरुण होते, भरपूर चालत होते, हे खरं. तरी मी मोबाईलवरचा अनारसा बंद केला आणि बराच वेळ अंधारात बसून राहिले.

पण थांबले नाही. जुलैत गावातल्या काकाजींची तेरवी होती. लहानपणी त्यांनी मला सायकलवर पुढच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडलं होतं, दोन वर्षं. पंगतीत बसले. पत्रावळीवर वरण, भात, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. वाढणारा पुढे सरकत होता आणि माझ्या डोक्यात मूठभर बुंदी म्हणजे किती, तुपातली की तेलातली, पाक किती, एवढंच चाललं होतं. शेजारच्या बाईच्या पत्रावळीवर दुसऱ्यांदा पडलेली बुंदीसुद्धा मी मोजली. घरी परतताना बसमध्ये लक्षात आलं, की काकाजींचा मुलगा पंगतीतून हात जोडत फिरत होता, माझ्यासमोर थांबलाही होता, आणि त्याने डोक्याचे केस काढले होते की नाही हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं.

त्यानंतर मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रागावल्यासारखं करून आकडा १५०० वर नेला आणि सांगितलं, महिन्याला एक-दीड किलो उतरलं तरी पुष्कळ. त्याच सुमारास आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या मुलीची पाळी थांबली. कॉलेजला जाणारी पोर, मुळात अंगाने बारीक, आणि तीही मोजत होती. शरीराला पुरेसं मिळेनासं झालं की ते असं एकेक दार बंद करत जातं. तिच्या आईला मी एवढंच म्हटलं, की तिच्या हातातून तो हिशेब आधी काढून घ्या आणि चांगल्या डॉक्टरांना दाखवा. अशी माणसं असतात ज्यांनी मोजूच नये. मी त्यांच्यातली आहे का, हे मी अजूनही स्वतःला विचारते. १५०० वर आल्यापासून केस गळायचे थांबले, झोप लागू लागली. काटा मात्र पर्समध्ये राहिला.

मामीच्या घरी त्या रात्री झोप आली नाही. काटा मारणं. हा शब्द मामीच्या तोंडी उगीच आलेला नव्हता. ती लग्नाआधी, दहा-बारा वर्षांची असल्यापासून, दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. दिवसभर पाठ वाकवून, बोंडांच्या टोकांनी बोटं सोलवटून, कमरेची ओटी भरायची, गाठोड्यात रिकामी करायची, पुन्हा भरायची. संध्याकाळी मालकाचा माणूस काटा धरायचा. अंगठा कुठे असायचा, सुई कुठे थांबायची, हे पोरींना दिसायचं. बोलायची सोय नव्हती. गाठोड्यामागे अर्धा किलो गेला तरी घरी येणाऱ्या ज्वारीत तेवढी ओंजळ कमी व्हायची. बहात्तरच्या दुष्काळात तिने मिलोच्या, त्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्यात, त्या गिळताना घशाला कशा लागायच्या ते ती अजून हाताने दाखवते. पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला १६६० कॅलरी लागतात आणि अंगमेहनतीचं काम करणारीला २७२०. मामीला त्या वयात त्याच्या अर्ध्या तरी मिळत होत्या का, कोण जाणे. समोरचं अन्न मोजायचं ते पुरणार नाही म्हणून किंवा देणाऱ्यावर भरवसा नाही म्हणून, तिसरं कारण तिने पाहिलेलंच नाही. आणि मी तिच्या चुलीपुढे, तिच्या हातचं, तिच्या देखत काट्यावर ठेवलं.

सकाळी उजाडायच्या आधीच उठले. मामांच्या गोठ्यालगतच्या शेडमध्ये धान्य मोजायचा मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आहे. सवयीने पाय तिकडे वळले. चपला काढल्या, चढले. अमरावतीहून निघताना होतं त्यापेक्षा एक किलो तीनशे ग्रॅम जास्त. छातीत धस्स झालं. मामा गुरांना कुटार टाकत होते. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, मी आकडा सांगितला. ते हातातलं टोपलं खाली न ठेवताच म्हणाले, "सकायच्या कापसाचं वजन कोणी धरते का वं? दव असते त्याच्यात."

मी तिथेच उभी राहून हिशेब केला. एक किलो चरबी चढायला सुमारे ७७०० कॅलरी जास्तीच्या लागतात. एक किलो तीनशेला दहा हजार, म्हणजे मामीच्या छत्तीस भाकरी. मी एक खाल्ली होती. दोन दिवसांत आणखी काय काय झालं असलं, तरी छत्तीस भाकरी झाल्या नव्हत्या. बसमध्ये बराच वेळ लटकलेले पाय होते, भाजीतलं मीठ होतं, महिन्याच्या त्या दिवसांची जवळ आलेली तारीख होती. शरीर पिठूळ अन्नातली जी साखर साठवतं, तिच्या एका ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, हेही मला पाठ होतं. आठ महिने पाठ होतं. पण रोज सकाळी त्या पाण्यालाच चरबी समजून मी दिवसभर तोंड पाडून फिरत होते. खरेदी केंद्रावर कापसाच्या गाडीत आधी मीटर खुपसतात. आठ टक्के ओलावा चालतो, त्याच्या वर भावात कपात, बारा टक्क्यांच्या वर गाडी परत. कापसातल्या पाण्याचाही हिशेब असतो, आणि तो करायला कोणी कापसाला नावं ठेवत नाही.

उन्हं चढल्यावर मी मामीसोबत वावरात गेले. दुसरा वेचा चालू होता. काळी माती पायाला चिकटत होती, तूर कमरेच्या वर फुलली होती, पिवळी. मामी बासष्ट वर्षांची आहे. तिचे दोन्ही हात दोन बोंडांवर एकाच वेळी जातात आणि बोंडाचं टरफल तिथेच राहून कापूस तेवढा निघतो, पानाचा कचरासुद्धा येत नाही. मला एका बोंडाला तिला चारला लागेल तेवढा वेळ लागत होता. दुपारी बाभळीखाली बायकांनी शिदोऱ्या सोडल्या. भाकर, ठेचा, आंबाडीची भाजी, कोणाकडे कालचं बेसन. एकीने माझ्या हातावर भाजी ठेवली, दुसरीने कांदा फोडून दिला. भूक अशी लागली होती की तिला चव होती. खाऊन झालं तेव्हा पोट भरलं आहे, हे मला पोटानेच सांगितलं. ते किती दिवसांनी झालं हे आठवेना, आणि मग मला थोडं रडू आलं, ते मी पदराने घाम पुसल्यासारखं करून आवरलं.

संध्याकाळी मामांनी बैलगाडीच्या धुरेला ताणकाटा अडकवला. वही माझ्याकडे दिली. मामी काट्याजवळ उभी राहून वाचायची आणि मी लिहायची. "अठरा सातशे. लिव एकोनीस." "बावीस तीनशे. साडेबावीस लिव." पहिल्यांदा मला वाटलं तिला नीट दिसत नाहीये. चौथ्या गाठोड्याला कळलं. आकडा दर वेळी वरच सरकत होता, वेचणारीच्या बाजूने. मामा ऐकत होते आणि बैलांच्या वेसणीचा पीळ सोडवत होते. या वावरात गेली तीस वर्षं असंच झुकतं माप चालत आलंय, हे मला त्या दिवशी वही हातात आल्यावर कळलं. सगळ्यांत शेवटी माझं गाठोडं लागलं. सुई सहाच्या थोडी पुढे जाऊन हलत राहिली. मामी वाकून बघत होती. "सहा तीनशे," ती म्हणाली. "साडेसहा लिव."

मी लिहिलं.

रात्री चुलीपाशी बसले तर तीच म्हणाली, "काढ वं तुया काटा." मला वाटलं टोमणा आहे. पण तिने परातीतला गोळा तोडून माझ्यापुढे धरला, डोळ्यांत उत्सुकता होती. मी काटा पुसून जमिनीवर ठेवला. १४८ ग्रॅम. तिने तो उचलून थापला, तव्यावर टाकला, दुसरा तोडला. १५१. तिसरा, १४७. चौथा, पुन्हा १४८. ती दर वेळी गोळा ठेवून माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी आकडा वाचायची. मामा जेवता जेवता थांबून ऐकत होते. सहाव्या गोळ्यानंतर तिने हात झटकले. "पाहा," ती मामांना म्हणाली, "माया हात काटा नाही मारत." तिचा चेहरा चुलीच्या उजेडात लालसर झाला होता आणि मी इतकी सुखावले की काही बोलता आलं नाही. मग तिने भाकर माझ्या ताटात टाकली, वर भरीत घातलं, त्यावर कच्च्या तेलाची धार सोडली, मला विचारलं नाही. अर्धी भाकर संपल्यावर म्हणाली, "अजून घे."

मी अर्धी घेतली. पोटाला तेवढीच हवी होती.

आता घरी काटा ओट्यावर असतो, पर्समध्ये नाही. नवा पदार्थ असला, तेलाची धार हाताबाहेर चालली आहे असं वाटलं, तर काढते. दुसऱ्याच्या घरी अंदाजाने लिहिते, कधी लिहीतही नाही. आठवड्यातून एकदा वजन करते. काही दिवस वाईट जातात. परवाच एका लग्नातून परतल्यावर दोन दिवस ते जुनं लाल वर्तुळ डोळ्यांपुढे आलं, आणि मी बडीशेपेच्या डबीपर्यंत जाऊन आले.

गेल्या रविवारी मामीचा फोन आला. तुरीच्या शेंगा भरल्या, ओल्या दाण्यांची आमटी केली होती, तू असतीस तर, वगैरे. मग आठवल्यासारखं करून तिने विचारलं, "वजन किती झालं वं?"

"बहात्तर सहाशे."

पलीकडे क्षणभर शांतता. चुलीत काहीतरी तडतडलं.

"ओलावा धरून का सोडून?"

"धरून," मी म्हटलं.